केपे कुणी वसवलं, आणि नाव कुणी ठेवलं?

प्रश्न: दादा नमस्कार, मी गोव्यातल्या केपेचीच. गणपतीला पुण्याहून पाहुणे आलेले, रस्त्यावरचा इंग्लिश बोर्ड (Quepem) वाचून विचारतात, "हे क्वेपेम कुठे आलं हो?" आम्ही हसून हसून लोळलो. पण मग लेकीने विचारलं की आपला गाव वसवला कुणी, नाव कुणी दिलं? शेजारची आजी म्हणते एका पाद्र्याने. खरं का?
– एक वाचक, केपे

उत्तर: ताई, आजीचं अर्धं बरोबर. जुझे पावलु द आल्मेदा म्हणून चर्चचा देआंव होता, देआंव म्हणजे डीन, त्याने १७८७ मध्ये कुशावतीच्या काठावर वाडा बांधला, समोर चर्च नि मागे नदी, आज ज्याला आपण पालासिओ म्हणतो तोच, आणि केपे शहराचा संस्थापक म्हणून त्याचंच नाव घेतात. साल मात्र लक्षात ठेवा हं. हा मुलूख आधी सौंधेकर राजाचा, १७६३ त हैदरअलीने सौंधे घेतलं, राजा पळून गोव्यात आला आणि त्याच्या हातातले महाल एकेक करत पोर्तुगिजांकडे गेले. नवी काबिजाद म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेला मुलूख, त्यातलाच हा भाग. म्हणजे देआंव आला तेव्हा इथे पोर्तुगीज तसे नवेच.

पण "वसवलं" म्हटलं की वाटतं आधी नुसतं रान होतं, तसं काही नाही. याच कुशावतीच्या काठी वर उसगाळीमळला कातळावर बैल, हरणं कोरलेली आहेत, तीही प्रागैतिहासिक, आणि खाली चांदरला तर कदंब राजांची राजधानी होती. नदीकाठची जमीन, बारमाही पाणी, माणूस शेती सोडून जाईल कशाला? देआंवने शहर उभं केलं म्हणा, गाव नाही.

नावाचं माझं मत स्पष्ट आहे, ते पाद्र्याचं नव्हे. त्याने ठेवलं असतं तर एखाद्या संताचं नसतं का ठेवलं? आणि सरकारने वरून नाव दिलं तरी लोक ऐकतात थोडेच, १८४३ त पणजीला राजधानी करून "नोव्हा गोवा" केलं, बोलणारे पणजीच म्हणत राहिले.

त्यांनी दिलं ते फक्त स्पेलिंग. पोर्तुगीजमध्ये ई (e) च्या आधी सी आला की "स" वाचतात, म्हणजे सी लावला असता तर गाव "सेपें" झाला असता 😄 म्हणून क्यू-यू, आणि तो यू मुकाच. शेवटचा एम पण म्हणायचा नाही, तो आपल्या कोंकणी "केपें" वरचा अनुस्वार. सांगे, पेडणे यांच्या शेपटीला एम आहे तो पण तसाच. बसचा कंडक्टर "केपें केपें" ओरडतो ना, त्याचं एकदम करेक्ट.

पाहुणे परत आले की कुडचडेचा बोर्ड (Curchorem) दाखवा, बघू काय वाचतात ते.