आधी वारा, मग जागा

प्रिय मित्रा,

पेनसिल्व्हेनियातल्या स्प्राऊल फॉरेस्टचा नकाशा पाठवून विचारतोस, "शिकारीला रस्त्यापासून चार किलोमीटर आत बसलो, पाच दिवसांत एक नर हरीण दिसलं नाही. आणखी आत जाऊ का?" नको. ते जंगल 3 लाख एकरांहून मोठं आहे. माणूस फिरकत नाही अशा जागा तिथे पुष्कळ, हरीण फिरतं अशा मोजक्या.

आधी माद्या शोध. नोव्हेंबरच्या मध्याला व्हाइटटेल, म्हणजे तिथली पांढऱ्या शेपटीची हरणं, ऐन माजावर असतात. तेव्हा नराला चाऱ्याची शुद्ध नसते, तो माद्यांच्या वासामागे हिंडतो. माद्या दिवसा माउंटन लॉरेल या सदाहरित झुडपांच्या गचपणात किंवा जुन्या तोडीवर फुटलेल्या रानात बसतात. नर सहसा आत शिरत नाही. वारा जिकडे वाहतो त्या बाजूने कडेकडेने जातो आणि एका फेरीत सगळ्यांचा वास घेतो. मचाण त्या फेरीवर हवं: दोन गचपणांमधली खिंड, डोंगराचा पदर, ओढा ओलांडायची जागा. उकरलेली माती, शिंगांनी सोललेली खोडं दिसली म्हणून तिथेच ठाण मांडू नकोस. त्या खुणा बहुतेक रात्रीच्या असतात.

आता वारा. तुझा वास हरणाकडे जाता कामा नये. उतारावर ऊन आलं की हवा वर चढते, सावली पडली की खाली उतरते. म्हणून सकाळी हरणांच्या वाटेच्या वर, संध्याकाळी खाली बस. घळीच्या तळाशी वारा गोल फिरतो, तिथे बसूच नकोस. मिल्कवीड या रानझाडाच्या बियांचा कापूस सोडून बघ, तीस-चाळीस मीटरवर तो कुठे वळतो ते कळेल. वारा उलटला तर त्या दिवशी ती जागा सोड, कितीही चांगली असो. यावरून लोक मला हट्टी म्हणतात. असू दे. मी हे फार उशिरा मान्य केलं आणि कित्येक हंगाम हातचे घालवले.

तुझी आत जायची वाट मी नकाशावर दोनदा तपासली. ती थेट लॉरेलमधून जाते! पहिल्याच पहाटे माद्या उठून गेल्या, पुढचे चार दिवस तू रिकाम्या रानात बसलास. लांबून, ओढ्याच्या पाण्यातून जा. तासभर जास्त लागू दे. एका जागी दोनदाच बस, पण बसलास की दहा ते दोन उतरू नकोस. माजातला नर भर दुपारी चालतो.

2019 पासून रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरच्या) शनिवारी उघडतो, तोवर माजाचा जोर ओसरलेला असतो. म्हणजे हे दिवस धनुष्याचे. पंचवीस मीटरपलीकडे बाण सोडू नकोस. फुप्फुसात लागला तर मागावर जाण्याआधी अर्धा तास थांब, पोटात लागला तर निदान सहा तास. मचाणावर चढताना पडू नये म्हणूनचा पट्टा जमिनीपासूनच बांधलेला हवा.

आपल्याकडे शिकार कायद्याने बंद, म्हणून हे सांगणारा मामा-काका तुला भेटला नाही. तर हेही ऐक: पोट साफ केलेला नर साठ किलोचा भरतो. एकट्याने तो चार किलोमीटर ओढता येत नाही, आणि उबदार दुपारी मांस टिकत नाही. जागा ठरवतानाच परतीची वाट आणि सोबतीचा माणूस ठरव.