बोलेरोला रुंद टायर, स्कॉर्पिओला स्पेसर

उसाचं बिल खात्यावर पडलं की माझ्याकडे टायरची पत्रं वाढतात. यावेळची काही.

बार्शीहून एक वाचक : बोलेरोला कंपनीचे २१५/७५ आर १५ आहेत. २३५/७५ घातले तर गाडी किती उंच होईल?

दादा, २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ७५ टक्के, आणि १५ हा रिमचा इंचातला व्यास. या हिशेबाने जुना टायर ७०३.५ मिमी उंच, नवा ७३३.५. फरक ३० मिमी, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, १५ मिमी. एका बोटाची जाडी! काटा ८० दाखवेल तेव्हा खरा वेग ८३ च्या पुढे असेल. ओडोमीटरही कमी किलोमीटर मोजेल, म्हणून ॲव्हरेज आहे त्याहून वाईट दिसेल. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा असं मी सांगतो, इथे तो चारच्या पुढे जातो. २२५/७५ घेतले तर दोनच टक्के. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मात्र कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. बसवल्यावर गाडीत माणसं भरून स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, टायर कुठे घासतोय का.

होटगी रोडवरून : दुकानदार म्हणतो, स्कॉर्पिओला ३० मिमीचे स्पेसर लावा, गाडी वळणावर जास्त स्थिर राहील. खरं का?

अर्धं खरं. स्पेसर म्हणजे चाक आणि हब (ज्यावर चाक आवळतात तो भाग) यांच्यामध्ये घालायचा तुकडा. दोन चाकांमधलं अंतर ६० मिमी वाढतं, एवढं बरोबर. पण चाक हबपासून लांब गेलं की बेअरिंगवरचा ताण वाढतो, आणि एक चाक खड्ड्यात गेलं की स्टीअरिंग हाताला हिसका देतं. स्वतःचे नट-स्टड (चाक आवळायचे बोल्ट) असलेला जाड स्पेसर निदान हबवर घट्ट बसणारा असेल तर चालतो तरी. स्टड नसलेली नुसती चकती सगळ्यात वाईट. चकतीच्या जाडीइतका स्टड नटाला कमी मिळतो. आट्यांमध्ये दीड मिमी अंतर असेल तर ५ मिमीची चकती तीन आटे खाते. नटाने निदान स्टडच्या जाडीइतका आटा धरलाच पाहिजे.

तरुणपणी मीही जीपला चकत्या लावल्या होत्या. रुबाब होता! तुळजापूरच्या घाटात स्टीअरिंग थरथरायला लागलं, उतरून बघतो तर दोन नट हाताने फिरत होते. तेव्हापासून माझं उत्तर एकच : लावू नका. लावलेच असतील तर शंभर किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्ह्याने, नट पुन्हा आवळा. पायाने पान्हा दाबून नव्हे.

अक्कलकोटहून : असे टायर-स्पेसर लावले तर आरटीओ अडवेल का?

अडवू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा ठासून सांगितलं. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला बदलाआधी लेखी कळवा.

मंगळवेढ्याहून : रान काळं आहे. एटी घेऊ की एमटी?

एटी म्हणजे ऑल-टेरेन, रस्ता आणि रान दोन्हीचा टायर; एमटी म्हणजे मड-टेरेन, चिखलाचा. काळी माती ओली झाली की एटीच्या खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. एमटीच्या मोठ्या खाचा चिखल फेकतात, पण पुण्याच्या रस्त्यावर तो टायर कानाशी भुंग्यासारखा गुणगुणतो आणि ओल्या डांबरावर ब्रेकला कमी पडतो. रोज रानात जात नसाल तर एटी घ्या आणि वाफसा आल्यावरच गाडी घाला. अजून एक, मोठ्या टायरमुळे मडगार्डखालची फट कमी होते. त्यात चिखल गच्च बसला की चाकच फिरत नाही.

विजापूर रोडवरून : मे महिन्यात हवा कमी ठेवू का? आणि मोठे टायर घातले तर स्टेपनी जुन्याच मापाची चालेल?

हवा कमी ठेवू नका. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की दाब एक पीएसआयने चढतो, ते गृहीत धरलेलं असतं. सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. दुपारी पंपावर गरम टायरमधून हवा सोडलीत तर कमी हवेचा टायर जास्त वाकतो, अजून तापतो आणि फुटतो. स्टेपनीचं म्हणाल तर लहान-मोठा टायर एका ॲक्सलवर आला की डिफरन्शियल (ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) सतत झिजतो, आणि फोर बाय फोर टाकलेलं असेल तर गिअरबॉक्सलाही धक्का बसतो. पाचवा टायरही त्याच मापाचा घ्या.