लेकीचं लिव्हर वाढेल, मग यांचं का वाढत नाही?

यकृत प्रत्यारोपणाआधीच्या समुपदेशनात हा प्रश्न वारंवार येतो. निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या पत्नीने तो सर्वांत नेमका विचारला. पतीला सिरॉसिस (यकृतात व्रण साचून ते निकामी होत जाण्याचा आजार) झालेला, पंचविशीतली अविवाहित मुलगी यकृताचा भाग द्यायला तयार, आणि "लिव्हर पुन्हा वाढतं" हे डॉक्टरांचे वाक्य काही बाईंच्या गळी उतरत नव्हते. "मॅडम, छाटणीनंतर वेलीला फूट येते तसंच ना? मग यांच्या लिव्हरला का येत नाही?"

ती उपमा अर्धीच लागू पडते, हे मी आधी सांगितले. मुलीच्या यकृताचा काढलेला उजवा भाग पुन्हा उगवत नाही. मागे उरलेला डावा भागच मोठा होतो. आतड्यांकडून येणारे सगळे रक्त आता त्या लहान भागातून वाहू लागते, आणि हा वाढलेला ताण व रक्तातील वाढीचे संकेत मिळून एरवी शांत असणाऱ्या पेशींना विभाजनाला लावतात. बरीचशी वाढ पहिल्या काही आठवड्यांतच होते. मूळची ठेवण मात्र परत येत नाही, आणि उजव्या भागासोबत काढलेले पित्ताशय कायमचेच जाते.

पतीच्या यकृतातही नव्या पेशी तयार होत होत्याच. पण वर्षानुवर्षे होत राहिलेल्या इजेमुळे तिथे व्रणतंतूंचे चिवट जाळे पसरले होते. त्यात अडकलेल्या पेशींच्या नुसत्या गाठी बनतात, त्यांच्यापर्यंत रक्त नीट पोहोचत नाही, आणि म्हणून वाढ होऊनही काम होत नाही. बाईंनी सोनोग्राफीचा कागद पुढे केला. त्यावरचा "खडबडीत पृष्ठभाग" म्हणजे याच गाठी, हे दाखवल्यावर त्या बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून होत्या.

"म्हणजे पोरीला धोका नाहीच?" याला मी होकार दिला नाही. "वाढतं हो, काळजी नको" असे सांगून दात्याला शस्त्रक्रियेकडे ढकलणे मला अजिबात मान्य नाही. सीटी स्कॅनवर आकारमान मोजून, मागे साधारण ३० ते ३५ टक्के यकृत उरणार नसेल तर दात्याला नाकारले जाते. तरीही पित्तगळती, संसर्ग आणि क्वचित मृत्यूही संभवतो.

मुलीशी मी नेहमीप्रमाणे एकटीशी बोलले. नको वाटले तर शस्त्रक्रियेच्या दिवशीही माघार घेता येते आणि घरी केवळ "दाता म्हणून योग्य नाही" इतकेच कळवले जाते, हे तिला सांगितले. तिने फक्त लग्नानंतर मूल होण्याबद्दल विचारले. त्यात यकृतदानाने सहसा अडचण येत नाही. वर्षभर तरी थांबावे, एवढेच सुचवले जाते.