सर्व्हरचं नेटवर्क कार्ड: ड्रायव्हर टाकण्याआधी

भावा, ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायची घाई करू नकोस. आधी विंडोजमधलं डिव्हाइस मॅनेजर (मशीनला जोडलेल्या भागांची यादी) उघड, पिवळी खूण असलेल्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी बघ. त्यात व्हेंडर (VEN_ पुढचा कंपनीचा क्रमांक) ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक. खोक्यावरच्या नावापेक्षा या आकड्यावर विश्वास ठेव. ड्रायव्हर दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हवर आण. सर्व्हरला नेटच नाही, तिथं कुठनं घेणार?

उद्यमनगरातल्या एका कारखान्यात मी कार्ड बदललं. ड्रायव्हर नीट बसला, पण जुना आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देताच विंडोजनं सांगितलं की हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरकडे, म्हणजे कार्डाकडे, आहे. अख्खी दुपार गेली. काढलेल्या कार्डाची नोंद विंडोजच्या आत तशीच होती. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूतनं 'शो हिडन डिव्हायसेस' केलं, फिकट दिसणारं जुनं नाव अनइन्स्टॉल केलं, अन् लगेच जमलं. तू आयपी, मास्क, गेटवे, डीएनएस ही जुन्या कार्डाची नेटवर्क सेटिंग्ज आधी वहीत उतरवून घे, जुनं अनइन्स्टॉल कर, मगच कार्ड उपस.

दोन कार्डं असतील तर डिफॉल्ट गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडं जायची वाट) एकालाच. स्पीड ऑटोवर राहू दे. तांब्याच्या केबलवर गिगाबिट वेगाला ऑटो निगोशिएशन (दोन्ही टोकांनी वेग आपापसात ठरवणं) लागतंच. पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची टिक मात्र काढ.

आणि हे रिमोटनं, म्हणजे दुसरीकडनं नेटवर्कवरून, अजिबात करू नकोस. ड्रायव्हर बदलताना लाइन तुटते, मशीनसमोरच बस.