जुन्या टाटा ४०७ ची बॅटरी कधी चार्ज होते, कधी होत नाही. दोष कसा शोधावा?

तुम्ही दिलेली माहिती अशी: गाडी जुनी, १२ व्होल्टची. चार्जिंगचा लाल दिवा मधूनच मिणमिणतो, कधी दिवसभर लागतही नाही, आणि दोन-चार दिवसांनी सकाळी सेल्फ फिरत नाही. बॅटरी नवी टाकली. डायनामो (म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) काढून वायरमनकडे नेला तर तो टेबलावर व्यवस्थित चालला. आता कटआउट (डायनामोचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर) बदलायचा की पूर्ण डायनामो, असा प्रश्न आहे.

माझं स्पष्ट मत: अजून काहीच विकत घेऊ नका. ये-जा करणारा दोष हजर असताना मोजला तरच सापडतो. टेबलावर डायनामो थंड असतो, त्याला गाडीचे हादरे नसतात, आणि गाडीची वायरिंग, अर्थिंग यांचा तर तिथे संबंधच नसतो. त्यामुळे टेबलावरच्या ‘ओके’ने तुमचा प्रश्न सुटत नाही.

पहिलं काम म्हणजे केबिनमध्ये एक साधा डिजिटल व्होल्टमीटर बसवा. त्याची वायर थेट बॅटरीवरून, १ अँपियरचा फ्यूज आणि एक बटण घालून आणा. इंजिन बंद असताना, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत. १३ च्या खाली राहिला तर चार्जिंग नाही, १४.८ च्या वर जात असेल तर कटआउट गेला. आकडा कधी पडतो ते लिहून ठेवा: इंजिन तापल्यावर, पावसात, खड्ड्यात, की हेडलाईट लावल्यावर. ही चार-पाच दिवसांची नोंद अर्धं निदान करून देते. पावसात किंवा लाईट लावताच पडला तर पट्टा बघा. खड्ड्यात पडला तर वायर किंवा थिंबल (वायरच्या टोकाची बोल्टखाली बसणारी कडी) सैल आहे. तापल्यावरच पडला तर डायनामोच्या आत, म्हणजे कार्बन (फिरत्या कॉइलला करंट पोचवणारे ब्रश), कटआउट किंवा डायोड (एसी करंटचा डीसी करणारा भाग).

पट्ट्याचं लगेच उरकतं. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिमी दबला पाहिजे. पट्टा पुलीच्या खाचेत बाजूंनी धरतो. खाचेचा तळ घासून चमकत असेल तर पट्टा झिजून खाली बसलाय. तो कितीही ताणला तरी घसरणारच, बदला.

आता त्या लाल दिव्याकडे या, कारण बरेच जण त्याला नुसता इशारा समजतात. चावी फिरवल्यावर याच बल्बमधून थोडा करंट डायनामोच्या फिरत्या कॉइलला मिळतो आणि त्यावर चार्जिंग सुरू होतं. बल्ब उडालेला, होल्डर सैल किंवा चावीच्या स्विचचा संपर्क झिजलेला असेल तर डायनामो कधी उठतो, कधी उठत नाही. डॅशबोर्डवर हौसेने एलईडी बल्ब लावला असेल तर तो काढा. एलईडी फारच कमी करंट सोडतो. तिथे साधा २ ते ३ वॅटचा बल्बच हवा.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद, चावी चालू: दिवा ठळक लागला पाहिजे. लागला नाही तर डायनामोवरची बारीक वायर काढून (तिथे ‘आयएनडी’, ‘डी प्लस’ किंवा ‘एल’ असं लिहिलेलं असतं) तिचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा. दिवा लागला तर वायर आणि बल्ब चांगले, दोष डायनामोच्या आत. तरीही नाही लागला तर बल्ब, फ्यूज, चावीचा स्विच किंवा तीच वायर. चुकून जाड वायर टेकवू नका. ती थेट बॅटरीवरून येते, मोठी ठिणगी उडेल. कार्बन पूर्ण सुटला की हा दिवा लागतच नाही. म्हणून दिवा विझलेला आहे म्हणजे चार्जिंग चालू आहे असं धरू नका.

अर्थिंग आणि थिंबल डोळ्यांना चांगले दिसतात, पण मीटर खोटं बोलत नाही. इंजिन चालू, एक्सिलेटर थोडा दाबलेला, हेडलाईट आणि वायपर चालू. हेडलाईटचे दोन बल्बच १० अँपियरच्या आसपास ओढतात, एवढा भार पुरेसा आहे. मीटरची एक पिन डायनामोच्या जाड वायरच्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लस खुंटावर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटावरच. ०.४ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर त्या वायरमध्ये किंवा थिंबलात करंटला अडथळा आहे. मग एक पिन डायनामोच्या अंगावर, दुसरी मायनस खुंटावर: इथे ०.२ च्या आत हवं. जास्त आलं तर इंजिन ते चेसिसची विणलेली पट्टी काढा, खालचा गंज आणि रंग घासून लोखंड उघडं करा, पट्टी घट्ट बसवून वरून ग्रीस लावा. मोजताना वायरिंगचं बंडल हाताने हलवत राहा. आकडा उडी मारेल तीच जागा.

तरीही सापडलं नाही तर डायनामो. चार्जिंग गेलेलं असताना, इंजिन चालू ठेवून, हातोडीच्या लाकडी दांड्याने डायनामोच्या अंगावर हलके ठोके द्या. बाही, गमछा पंख्यापासून लांब ठेवा. आकडा १४ वर उडाला तर कार्बन किंवा त्याखालच्या तांब्याच्या रिंगा. कार्बन ५ मिमीपेक्षा कमी उरला असेल तर जोडी बदला, रिंगा बारीक पॉलिश पेपरने साफ करा.

या गाड्यांत डायनामोच्या पाठीला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो, आणि माझा सगळ्यात मोठा संशय तिथे आहे. पंपाचं सील गेलं की इंजिन ऑईल डायनामोत झिरपतं, कार्बनच्या भुकटीत मिसळून काळा चिखल होतो आणि रिंगांवर बसतो. चार्जिंग मग असंच येतं-जातं. मागचं झाकण उघडल्यावर आत ओलं काळं दिसलं तर नुसते कार्बन बदलणं म्हणजे पैसे वाया. सील बदलायचंच आणि आतला भाग धुऊन पूर्ण वाळवायचा. परत बसवल्यावर ऑईलचा आणि व्हॅक्यूमचा पाईप दोन्ही नीट लागलेत का बघा आणि इंजिन चालू करून, गाडी जागेवरच ठेवून ब्रेक दाबून पाहा. पेडल दगडासारखं कडक लागलं तर व्हॅक्यूम येत नाही, गाडी रस्त्यावर काढू नका.

दिवसभर १४ व्होल्ट आणि सकाळी बॅटरी रिकामी, असं होत असेल तर गळती शोधा. सगळं बंद करून मायनस केबल आणि खुंट यांच्या मध्ये मीटर १० अँपियरवर लावा (सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल). ०.०५ पेक्षा जास्त आलं तर फ्यूज एकेक काढा. जीपीएस, टेपची वायर थेट बॅटरीवर जोडलेली असेल तर ती सोडवून पाहा. कशानेच कमी झालं नाही तर मायनस केबल काढा, डायनामोची जाड वायर सुटी करून तिला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आता आकडा पडला तर डायोड गळतोय.

एक सवय मात्र सोडा: चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून ‘डायनामो चालतो का’ बघणं. व्होल्टेज एकदम उसळतं, डायोड आणि कटआउट दोन्ही जातात. बॉडीला वेल्डिंग असेल तेव्हाही आधी बॅटरीच्या केबली काढायच्या. आणि दुरुस्त डायनामो बसवताना बॅटरी पार उतरलेली असेल तर ती बाहेर चार्जरवर भरून मगच लावा, नाहीतर तो पहिल्याच दिवशी तासन्‌तास पूर्ण भारावर तापेल.