५०० गॅलनचा स्मोकर हायलँडरला जोडून डॅलसहून कॅन्सस सिटीच्या स्पर्धेला नेता येईल का?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही डॅलसजवळ राहता. जुन्या ५०० गॅलनच्या प्रोपेन टाकीपासून बनवलेला ऑफसेट स्मोकर (मांस धुरावर शिजवायची भट्टी, विस्तवाची पेटी म्हणजे फायरबॉक्स एका टोकाला) ट्रेलरसकट विकत घ्यायचा विचार आहे. घरात टोयोटा हायलँडर आहे, ती ५,००० पौंड ओढते. विकणारा म्हणतो स्मोकर 'साधारण ३,५०० पौंडां'चा आहे. मित्रांची टीम करून कॅन्सस सिटीच्या अमेरिकन रॉयलसारख्या बार्बेक्यू स्पर्धांना जायचंय, तर हे जमेल का आणि काय काळजी घ्यावी?

कागदावर जमतंय. रस्त्यावर मी तुमच्या जागी असतो तर हायलँडरला हे धूड जोडलं नसतं. मी कॅन्सस सिटीकडचा, आमच्या टीमचा स्मोकर तुमच्यापेक्षा लहान आहे, आणि तरीही त्याच्यापुढे पिकअप लागतो. कारण सांगतो.

विकणाऱ्याने सांगितलेलं वजन हे बहुतेक वेळा अंदाजपंचे असतं, कारण काट्यावर ट्रेलर कुणी नेलेलाच नसतो. ५०० गॅलनची नुसती रिकामी टाकीच ९००-९५० पौंडांची. पाव इंची पोलादी प्लेटचं वजन दर चौरस फुटाला दहा पौंडांच्या वर जातं. फायरबॉक्स तीन फूट लांब, रुंद, उंच धरला तर सहा बाजूंचे ५४ चौरस फूट, म्हणजे झाले साडेपाचशे पौंड. दुहेरी भिंतीचा, मध्ये इन्सुलेशन असलेला असेल तर हजाराच्या पुढे. त्यावर दारं, जाळ्या, धुराडं, ट्रेलरची चौकट, अ‍ॅक्सल. मग तुम्ही लाकडं भरणार, बर्फाने भरलेले कूलर टाकणार, तंबू, टेबलं, पाणी. चार हजार कधी ओलांडले ते कळतही नाही. पैसे देण्याआधी विकणाऱ्याला सांगा, हायवेवरच्या ट्रक स्टॉपला 'कॅट स्केल' असतो तिथे ट्रेलर घेऊन ये, काट्याचे पैसे मी देतो. कुरकुर केली तर तेही उत्तरच समजा.

आता मुख्य मुद्दा. सगळे 'किती ओढते' एवढंच विचारतात, पण ट्रेलर अंगावर येतो तो वजन कुठे बसलंय त्यावर. एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर, म्हणजे हिचच्या (गाडीमागच्या जोडाच्या) बॉलवर पडायला हवा. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलतं, तसलाच प्रकार इथे ताशी ६५ मैलांनी होतो: मागचं वजन ट्रेलरला डावी-उजवीकडे झुलवायला लागतं आणि पुढच्या गाडीची मागची चाकं हलकी पडतात.

ऑफसेट स्मोकरची गोम अशी की फायरबॉक्स बहुधा ट्रेलरच्या शेपटाला असतो. ते सोयीचंही असतं, कारण मागे उभं राहून लाकूड घालता येतं, दांडी पायात येत नाही. पण सगळ्यात जड वस्तू अ‍ॅक्सलच्या मागे गेली. चांगला कारागीर अ‍ॅक्सल थोडा मागे घेतो आणि लाकडाचा पिंजरा पुढे दांडीवर ठेवून तोल साधतो. हौशी वेल्डर टाकीच्या बरोब्बर मध्यावर अ‍ॅक्सल ठोकतो नि मोकळा होतो. तुम्ही बघायला जाल तेव्हा आधी हेच बघा. आणि पुढच्या पिंजऱ्यातलं लाकूड स्पर्धेत जळून जातं हे लक्षात असू द्या! जाताना तोल बरोबर असलेला ट्रेलर परत येताना मागे जड झालेला असतो. येताना कूलर आणि बाकीचं सामान पुढे सरकवायचं.

हायलँडरचं गणित इथेच अडतं. ४,५०० पौंडांचा ट्रेलर धरला तर दांडीवर ४५० ते ६७५ पौंड हवेत, आणि या गाडीची मर्यादा ५००. वर हे वजन गाडीच्या स्वतःच्या भारातही मोजलं जातं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते लिहिलेलं असतं. त्यातून दांडीचा भार वजा करा, मग चार धष्टपुष्ट मित्र बसवा, बघा काय उरतं ते. दांडीचा भार मोजायला छोटा काटा मिळतो, घेऊन ठेवा. घरातला बाथरूमचा काटा त्याखाली ठेवू नका, बायको ओरडेल ते वेगळंच.

डॅलसहून आय-३५ ने आलात तर ओक्लाहोमात आर्बकलचे डोंगर लागतात. तिथल्या उताराला ट्रेलर मागून ढकलतो. पुढे कॅन्ससमध्ये विचिटा ते एम्पोरिया हा टर्नपाइकचा (टोलच्या हायवेचा) पट्टा फ्लिंट हिल्समधून जातो. झाड ना झुडूप, नुसता आडवा वारा. ट्रेलर झुलायला लागला तर ब्रेकवर पाय दाबायचा मोह टाळा, गाडीचं नाक खाली जातं आणि झुलणं वाढतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि ब्रेक कंट्रोलरवरची खिट्टी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. त्यासाठी ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आणि गाडीत कंट्रोलर हवा. टेक्सासात एकूण वजन ४,५०० पौंडांवर गेलं की ट्रेलरला ब्रेक सक्तीचे, बऱ्याच राज्यांत ही मर्यादा ३,००० ची आहे. मी म्हणतो कायद्याचं सोडा, या वजनाला ब्रेक हवेतच. ट्रेलर गाडीला बांधणाऱ्या साखळ्या दांडीखाली एकमेकींवरून आडव्या घ्यायच्या, आणि ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी बारीक तार गाडीच्या चौकटीला वेगळी अडकवायची, त्याच साखळीत नाही.

टायरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण रस्त्याकडेला अडकलेले स्मोकर बहुतेक टायर किंवा बेअरिंगमुळेच अडकलेले असतात. हे ट्रेलर वर्षातले दहा-अकरा महिने अंगणात उभे. टायरची नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर आतून वाळलेलं असतं. टायरच्या कडेला 'डॉट' अक्षरांनंतरच्या आकड्यांत शेवटचे चार बघा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर कितीही चांगला दिसला तरी बदला. 'एसटी' लिहिलेले ट्रेलरचेच टायर हवेत, आणि त्यांची वेगमर्यादा अनेकदा ६५ मैल असते, तेवढीच पाळा. हवा टायर थंड असताना कडेवर लिहिलेल्या पूर्ण दाबाची. चाक काढून लावलं असेल तर पन्नासेक मैलांनी नट पुन्हा टॉर्क रेंचने आवळा. सुटं चाक तुमच्या गाडीचं चालणार नाही, ट्रेलरचं वेगळं घ्या.

बेअरिंगचं ग्रीस वर्षातून एकदा बदला. आणि प्रवासात तपासायची सोय आपल्याकडे असतेच: जाळ्यांचं तापमान बघायला जो पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरतो, तोच प्रत्येक पेट्रोल पंपावर उतरून ट्रेलरच्या सगळ्या हबवर (चाकांच्या मधल्या भागावर) धरायचा. डावी-उजवी बाजू साधारण सारखी यायला हवी. एखादा हब बाकीच्यांपेक्षा भलताच तापलेला दिसला तर तिथला ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग चाललंय. पुढे रेटू नका.

फायरबॉक्सच्या उष्णतेचा आणखी एक उपद्रव आहे, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मागचे लाल दिवे त्याच्या शेजारीच बसवलेले असतात. रात्रभर विस्तव चालतो, सकाळी बघावं तर दिव्याची काच मेणासारखी ओघळलेली आणि वायरचं आवरण वितळून तांबं उघडं. आमच्या शेजारच्या टीमचा ट्रेलर एकदा असाच ब्रेक लाइटविना घरी जायला निघाला होता, कुणीतरी ओरडून थांबवलं म्हणून बरं. वायर धातूच्या नळीतून न्या, आणि दिवे व टायर यांच्या नि फायरबॉक्सच्या मध्ये पत्रा लावा.

पेटता स्मोकर ओढायचा नाही, हे सांगायला नको, पण लोक 'निखारे विझलेच आहेत' म्हणत निघतात. धावत्या ट्रेलरचं धुराडं आणि फायरबॉक्सची फट यांतून वारा असा खेळतो की राखेखालचा निखारा वीसेक मैलांत पुन्हा फुलतो. स्पर्धा संपली की राख आणि कोळसा तिथल्या ठरवून दिलेल्या पिंपात टाका, फायरबॉक्स हाताला गार लागेपर्यंत निघू नका. धुराड्यावर झाकण, डँपर (हवेची झडप) बंद, दारांना खिटी आणि वर पट्टा. चरबीचा नळ बंद करून बादली रिकामी करा, नाहीतर तुमच्या मागचा माणूस आयुष्यभर शिव्या देईल. जाळ्या काढून गाडीत ठेवल्या तर खडखडाटही वाचतो.

लाकूड शक्यतो इकडेच घ्या. एमराल्ड अ‍ॅश बोररसारखी कीड सरपणातूनच राज्याराज्यांत पसरली. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या या किड्याने अ‍ॅशची झाडं कोट्यवधींनी मारली. म्हणून स्थानिक सरपण वापरा असा सगळीकडेच आग्रह असतो, काही राज्यांत त्याचे नियमही आहेत. तुमच्याकडचं पोस्ट ओक नाही मिळालं तरी इथली हिकरी काही वाईट नाही.

जागेवर पोचल्यावर: नोंदणी करतानाच जागेचं माप विचारा आणि स्वतःची लांबी दांडीसकट मोजा. २० बाय २० फुटांची जागा टाकीला पुरते, ट्रेलरला पुरत नाही. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, हात डावीकडे न्याल तसा ट्रेलर डावीकडे जातो. गाडी सोडवण्याआधी चाकांना ठोकळे, मग चारही कोपऱ्यांचे जॅक. स्मोकर चरबीच्या नळाकडे किंचित उतरता ठेवा. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या नियमांत मांसाची तपासणी मसाला लावण्याआधी होते आणि परीक्षकांसाठी मांसाचे डबे द्यायच्या वेळा ठरलेल्या असतात: सहसा बाराला चिकन, साडेबाराला रिब्ज, एकला पोर्क, दीडला ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस), पाच मिनिटं अलीकडे-पलीकडे. ब्रिस्केटला रात्रभर लागतं, म्हणून आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. संध्याकाळी धापा टाकत येऊन जॅक लावत बसलात तर रात्र गेलीच.

आणि आता न विचारलेलं. त्या स्पर्धेत टेबलावर सहा परीक्षक असतात, प्रत्येक प्रकारात किमान सहा वाट्यांचं मांस असलेला एक डबा द्यायचा. त्याला ५०० गॅलन कशाला? बक्षिसं नेणाऱ्या कितीतरी टीम पिंपाच्या स्मोकरवर किंवा पेलेटवर (लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर) शिजवतात, आणि नियमांत दोन्ही चालतं. दोन पिंपं हायलँडरमागच्या छोट्या ट्रेलरवर आरामात येतील. मोठं धूड टेक्सासातल्या जवळपासच्या कुक-ऑफना आणि मंडळाच्या उन्हाळी पिकनिकला न्या, तिथे त्याचं चीज होईल. (गणपतीला नको, कमिटी दारातच अडवेल.)

तरीही तोच आणायचा ठरला, तर टीममधल्या पिकअपवाल्याला पटवा. विकणाऱ्याकडून ट्रेलरचं टायटल (मालकीचा कागद) मागून घ्या, टेक्सासात ४,००० पौंडांवर ते लागतं आणि घरी वेल्डिंग केलेल्या ट्रेलरचं बऱ्याचदा नसतं. विमा कंपनीला लेखी विचारा: ओढताना तुमच्याकडून दुसऱ्याचं झालेलं नुकसान गाडीच्या पॉलिसीत सहसा येतं, खुद्द स्मोकरचं येईलच असं नाही.

काट्यावरचं वजन, अ‍ॅक्सल एक की दोन, आणि अ‍ॅक्सलपासून फायरबॉक्सचं अंतर, एवढं खाली कळवा. मग कोणता हिच नि किती इंची बॉल ते सांगतो.