उणे तापमानात किडे जगतात कसे? त्यांच्या अंगातलं पाणी गोठत नाही का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अंटार्क्टिकात खरंच किडे असतात का, आणि मग घरी रवा फ्रीजरमध्ये ठेवला तर त्यातले किडे मरतात की नुसते झोपतात? मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. पहिल्या प्रश्नावर तासभर बोलू शकेन, दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो.

किडे असतात. पण अंग ऊबदार ठेवायची सोय बहुतेकांना नसते. बाहेर उणे पाच, तर अंगही उणे पाच.

थंडीत जीव जातो तो मुख्यतः बर्फामुळे. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की पाणी सुटतं, ते आठवा. शरीरात पेशींच्या बाहेर बर्फ धरू लागला की बर्फात फक्त पाणी जातं, क्षार मागे उरतात. उरलेला द्रव खारट होत जातो आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढतो. म्हणजे गोठणारा किडा एका अर्थाने वाळत असतो! थंडी आणि दुष्काळ यांवरचे उपाय इतके सारखे का, ते इथे कळतं.

काही किडे बर्फ होऊच देत नाहीत. हिवाळ्याआधी पोट रिकामं करतात, कारण अन्नाच्या कणांभोवती बर्फ पटकन धरतो. शिवाय अंगात ग्लिसरॉल साठवतात, म्हणजे पाणी सहजी गोठू न देणारा एक दाट, गोडसर द्रव. अलास्कातल्या एका चपट्या तांबड्या भुंगेऱ्याच्या अळ्या प्रयोगशाळेत उणे १०० अंशांपर्यंत नेल्या, तरी त्यातल्या काही गोठल्या नाहीत. उलट न्यूझीलंडच्या डोंगरांतला वेटा (रातकिड्यांच्या नात्यातला, चांगला बोटभर) सरळ गोठतो. अंगातल्या पाण्याचा ८२ टक्के भाग बर्फ झाला तरी तो वितळल्यावर चालू लागतो.

माझी आवडती मात्र बेल्जिका अंटार्क्टिका. २ ते ६ मिलिमीटरची, बिनपंखांची, चिलटाच्या कुळातली माशी. कायम जमिनीवरच राहणाऱ्या अंटार्क्टिकाच्या प्राण्यांत सर्वांत मोठी हीच. पेंग्विन आणि सील पोट भरायला समुद्रात जातात, म्हणून ते या हिशेबात नाहीत. तिची अळी शेवाळात, मातीत दोन हिवाळे काढते. भोवती बर्फ असतो आणि तिच्या कातडीतून पाणी सहज बाहेर जातं, त्यामुळे आजूबाजूचा बर्फच तिच्यातली वाफ हळूहळू शोषून घेतो. ती विरोध करत नाही. आटत जाते, आतला द्रव घट्ट होतो आणि घट्ट द्रव सहजी गोठत नाही. पाक फ्रीजरमध्ये ठेवला तर त्याचा दगड होत नाही, तसंच. अंगातलं ७० टक्क्यांपर्यंत पाणी गेलं तरी ती जगते.

याच्याही पुढची पायरी थंड प्रदेशात नाही, नायजेरियात आहे. तिथल्या उघड्या कातळांवर पावसाळ्यात डबकी साचतात आणि नंतर कडकडीत वाळतात. त्यांत पॉलीपेडिलम व्हँडरप्लँकी नावाच्या चिलटाची अळी राहते. डबकं आटू लागलं की ती अंगात ट्रेहॅलोज ही साखर बनवू लागते. शेवटी पाणी जेमतेम ३ टक्के उरतं आणि कोरड्या वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा साखर असते. ही साखर दाणेदार होत नाही, चिक्कीच्या पाकासारखी काचेगत जमते आणि पेशींचे नाजूक भाग त्या काचेत जागच्या जागी धरले जातात. पाणी मिळालं की तासाभरात अळी वळवळू लागते. हॉवर्ड हिंटन या कीटकशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये दाखवलं की अशी वाळलेली अळी उणे २७० अंशांतूनही जिवंत परतते. नायजेरियात बर्फ पाहायलाही मिळत नाही, तरी हे जमतं, कारण गोठायला आत पाणीच उरलेलं नसतं. पुढे जपानी संशोधकांनी मेंदू काढून टाकलेल्या अळ्या वाळवल्या, त्याही पुन्हा हलू लागल्या. म्हणजे पेशी आपापलंच बघतात, हुकूम लागत नाही. हे वाचल्यावर मी तरी दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

अट एकच, वाळणं सावकाश हवं. दोन दिवस मिळाले तर साखर तयार होते. काही तासांत वाळवली तर अळी मरते.

आता तुमचा रवा. सोंडे, पोरकिडे हे उबदार कोठारात वाढलेले. अशी तयारी त्यांच्याकडे नसते, आणि फ्रीजर त्यांना ती करायला वेळही देत नाही. उणे १८ अंशांत आठवडाभर ठेवा, अंडीसुद्धा मरतात. पिशवी लहान घ्या, मोठ्या पिशवीत मधला रवा गार व्हायला फार वेळ लागतो. आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, दमट होईल. मेलेले किडे मात्र चाळूनच काढावे लागतील.